मांजराच्या पायाखालचं छप्पर

मांजर हा शब्द व्याकरणात नपुंसकलिंगी असला तरी आमच्या कारखान्यात तो पुल्लिंगी होता. "मांजर आला का?" "मांजर वर गेला." आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, "मांजर चालला." ते कानावर पडलं की रंगखात्यातली माणसं डबे उघडायला घेत, कारण त्याचा अर्थ होता, छप्पर पास.

आम्ही गाडीमागे जोडून न्यायची घरं बनवतो. आत एक पलंग, एक ओटा, एक न्हाणी; खाली चाकं आणि पुढे हूक. बाबांनी हा कारखाना काढला तेव्हापासून छपराची तपासणी एकाच पद्धतीने होत आली. छप्पर बसलं की मांजरकाका चपला शिडीपाशी काढायचे, वर चढायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून परत यायचे. एकजण आत उभा राहून छताकडे कान लावायचा. करकर झाली नाही की बाहेर येऊन ओरडायचा. बाबा गेले, दादा मालक झाला, पण ही पद्धत बदलली नाही. काका बारीक आणि हलक्या पावलाचे होते. शिडीवर पाय ठेवल्याचाही आवाज येत नसे, म्हणून हे नाव पडलं होतं. बाकीचे त्यांना नुसतं मांजर म्हणत. मी लहानपणापासून त्यांच्या खांद्यावर बसून कारखाना पाहिला होता, म्हणून मी काका म्हणायचे.

मी पदार्थविज्ञान शिकून काही वर्षं बाहेर प्रयोगशाळेत काम केलं आणि मग दादाने मला तपासणीवर घेतलं. "घरची आहेस, उगाच त्रास देणार नाहीस," असं तो म्हणाला होता. त्याचा अंदाज चुकला.

भांडण सुरू झालं ते नव्या मॉडेलवरून. त्याला आम्ही 'हलकी' म्हणत होतो.

आमच्या छपराच्या आत आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फासळ्या म्हणतात. फासळ्यांवर प्लायवूड, प्लायवर काळी रबरी चादर. बाबांच्या घरांमध्ये फासळ्या वीत-दीड वीत अंतरावर असत आणि प्लाय जाड असे. दादाने हलकीच्या फासळ्या एकेका ढांगेच्या अंतरावर नेल्या, प्लाय निम्म्याहून पातळ केला आणि मधल्या जागेत फोम भरला. त्यात लबाडी नव्हती. लोकांकडे छोट्या गाड्या असतात आणि जड घर ओढताना त्या चढावर दम टाकतात. लबाडी म्हणायचीच तर ती जाहिरातीत होती. चित्रात हलकीच्या छपरावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'छपरावर बसा, आकाश बघा.'

मी छपराचा एक तुकडा तयार करून घेतला. पावलाएवढा लाकडी ठोकळा बनवला, त्यावर एका भरल्या अंगाच्या माणसाचं वजन ठेवलं आणि दोन फासळ्यांच्या मधोमध तो पुन्हा पुन्हा दाबला. प्लाय आधी वाकून सरळ व्हायचा. मग सरळ व्हायला आळस करू लागला. नंतर तो फोमपासून सुटला आणि सुटल्यावर एका दाबात फाटला. न फाटता नुसता खळगा राहिला असता तर ते आणखी वाईट. खळग्यात पाणी साचतं, रबराच्या जोडातून आत उतरतं आणि छप्पर वरून चकाचक दिसत असताना आतून कुजत जातं.

मी तो तुकडा दादाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्याने फाटलेल्या जागेत बोट घालून पाहिलं. "हा तुझा ठोकळा. माणूस असा एकाच जागी थयथय करतो का?"

"खुर्ची करते. चार पायांवर."

"मांजर चालला ना त्यावर? मी स्वतः आत उभा होतो. हूं की चूं झालं नाही."

"काकांचं वजन तरी किती? आणि ते कुठे पाय ठेवतात ते पाहिलंयस कधी?"

"छपरावर ठेवतो, आणखी कुठे ठेवणार? छोटे, तू ना, सरळ रस्त्यावर खड्डा खणून मग त्यात पडतेस."

मलाही तोवर नुसती शंका होती. कापडखात्यात गाद्यांची खोळ आखायला खडूची पूड वापरतात. ती मी एका परातीत ओतली आणि काकांना त्यात तळपाय बुडवून हलकीवर चालायला सांगितलं.

"पाय पुसून वर जा म्हणणारे पुष्कळ भेटले," काका म्हणाले. "माखून जा म्हणणारी तू पहिलीच." पण गेले.

ते उतरल्यावर मी शिडीवर चढून पाहिलं. काळ्या रबरावर पांढरी पावलं उमटली होती आणि प्रत्येक पाऊल नेमकं फासळीवर होतं. जिथे त्यांनी वळण घेतलं होतं तिथेसुद्धा टाच एका फासळीवर होती आणि चवडा तिच्याच लांबीवर फिरला होता. दोन फासळ्यांच्या मधे खडूचा ठिपकादेखील नव्हता.

"काका, फासळ्या वरून दिसतात तुम्हाला?"

"दिसणार कशा? वर सगळं काळंकुट्ट."

"मग पाय बरोबर कसा पडतो?"

ते माझ्यामागून शिडीवर चढून आले. मग त्यांनी अंगठ्याने चादर चाचपली. रबराखाली जिथे स्क्रूची डोकी असतात तिथे तांदळाएवढे उंचवटे लागतात. ते तळपायाने वाचत होते आणि आपण वाचतो हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे माझं चालणं खोटं?" त्यांनी विचारलं.

"खोटं नाही. फार चांगलं आहे. म्हणून तर छपराचं काही कळत नाही."

"आजवर एक छप्पर माझ्या पायाखाली खचलेलं नाही, ताई."

"तेच म्हणतेय मी."

एरवी ते मला ताई म्हणत नसत. चपला घालून ते निघून गेले आणि दुपारी चहाला माझ्या टेबलाशी आले नाहीत. इतके दिवस कारखान्यातला शेवटचा शब्द त्यांच्या पायांचा होता, आणि मी त्या पायांना खडू लावून दाखवलं होतं. त्यांनी का यावं?

दादाला मात्र पावलं पाहून आनंद झाला. "सोपं आहे की. फासळ्यांवर पिवळे पट्टे ओढू. 'इथूनच चाला.' मिटलं."

"लोक पट्ट्यांवरून चालतील?"

"का नाही चालणार? अडाणी आहेत का?"

मग मी कारखान्याच्या फरशीवर हलकीचं छप्पर आखलं, अगदी मापात. त्यावर दादाचे पिवळे पट्टे ओढले, एका कोपऱ्यात शिडी म्हणून खुर्ची ठेवली आणि दुसऱ्या कोपऱ्यात, छपरावर विजेसाठी बसवतात त्या सौर तावदानाच्या जागी, एक पत्रा. कापडखात्यातल्या बायकांना, हिशेबनिसाला, फाटकावरच्या माणसाला, जो सापडेल त्याला पाण्याची बादली देऊन सांगितलं, तिकडे जा, पत्रा पुसा आणि परत या. पट्ट्यांबद्दल मी एकदाच सांगत होते, विकताना सांगतात तसं. पाऊल पडेल तिथे खडूने गोल काढत होते. पहिली एक-दोन पावलं सगळ्यांची पट्ट्यावर पडली. मग बादली हिंदकळायची, लक्ष पाण्याकडे जायचं आणि पाय आपल्या मनाने जायचे.

मधेच ड्रायव्हरबाई आल्या. पहिली हलकी त्यांनीच घेतली होती. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली ही बाई, उंच, रुंद, आवाजाने शेड भरून टाकणारी. भाड्याची जागा सोडून त्या आता हलकीतच राहणार होत्या, म्हणून रोज येऊन आपलं घर किती झालं ते बघून जात.

"मला दे गं ती बादली," त्या म्हणाल्या आणि खुर्चीपासून पत्र्यापर्यंत तिरक्या, थेट चालत गेल्या. त्यांचं एकही पाऊल पट्ट्यावर पडलं नाही.

"बाई, पट्टे," मी म्हणाले.

"अगं, जन्मभर रस्त्यावरचे पट्टे पाळले. वर जाऊनही पट्टेच पाळायचे?" त्यांनी बादली खाली ठेवली. "माहितीय का, किती लोकांना मी बसच्या छपरावरून खाली उतरवलंय? गर्दीच्या मोसमात चढून बसायचे. मी खाली उभी राहून ओरडायची, आणि मनात म्हणायची, मेल्यांनो, तुम्हाला वारा लागतोय आणि मी इंजिनापाशी शिजतेय. ती खुर्चीची जाहिरात पाहिली आणि ठरवलं, आता आपली पाळी."

मी त्यांना सांगायला तोंड उघडलं तोवर दादा पडद्यांचे नमुने घेऊन हजर झाला होता. तो त्यांना दुसऱ्या शेडमध्ये घेऊन गेला.

संध्याकाळी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. फरशीवरचे गोल त्याने पाहिले होते. पाहिलं नाही असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तो दुसरीकडून आला.

"उद्या सकाळी हलकी जाणार. बाईंची जागा उद्या रिकामी व्हायची आहे. बाकीच्या ऑर्डरी याच एका गाडीकडे डोळे लावून बसल्यात."

"छप्पर पास झालेलं नाही."

"मांजर चालला."

"मी पास केलेलं नाही."

"तुझा तपासणीचा शिक्का मीच सुरू केला, छोटे. मीच बंद करू शकतो. पुढच्या मॉडेलला फासळ्या वाढवू, शब्द देतो."

"आणि या मॉडेलवर बाई खुर्ची टाकून बसणार."

"त्यांना सांगू, जरा जपून."

"मग जाहिरातीत लिही, 'छपरावर जपून बसा.'"

तो हसला नाही. "बाहेरची कोणी असतीस तर आज तुला घरी पाठवलं असतं."

"बाहेरची असते तर मीच गेले असते. घरची आहे म्हणून जाणार नाही."

हे मी चढ्या आवाजात म्हटलं नाही. चढा आवाज मला जमत नाही. शाळेतसुद्धा हजेरीला मी 'हजर' म्हटलेलं बाईंना ऐकू जायचं नाही.

सकाळी फाटकाबाहेर ओढून न्यायला जीप यायच्या आधी मी हलकीवर चढले. एक लांब फळी फासळ्यांवर आडवी टाकली आणि मधोमध मांडी घालून बसले. छपरावर माणूस असताना ट्रेलर जागचा हलवायचा नाही, हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम. बाबांनी तो फाटकावर रंगवून घेतलाय. फरशीवरच्या गोलांपैकी ड्रायव्हरबाईंचे गोल मी मापाने वर उतरवून घेतले होते. काळ्या रबरावर शिडीपासून तावदानापर्यंत ते तिरके पसरले होते.

जीपवाल्याने वर पाहिलं आणि इंजिन बंद केलं. रंगखातं, कापडखातं, सगळे हात पुसत बाहेर आले. मग दादा आला.

"खाली ये."

"नाही."

"तमाशा करू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. छप्परही बघू देत."

"किती वेळ बसणार आहेस?"

"आकाश बघतेय. जाहिरातीत लिहिलंय तसं."

कापडखात्यातली एक बाई खुदकन हसली आणि दादाने वळून पाहताच खोकू लागली. तेवढ्यात ड्रायव्हरबाईंची छोटी गाडी फाटकातून आत आली. मागच्या सीटवर उशा, कुंड्या, एक गुंडाळलेली सतरंजी. त्या उतरल्या, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. "ही माझ्या खुर्चीच्या जागेवर कोण बसलंय?"

 दादा मांजरकाकांकडे वळला. "मांजर, हिला खाली आण. लहानपणी उचलून आणायचास तसं."

काकांनी चपला काढल्या. चढताना नेहमीप्रमाणे आवाज झाला नाही. शिडीच्या टोकाशी त्यांचं डोकं दिसलं, मग खांदे. कालपासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

"चल, उतर," ते हळूच म्हणाले. "भावाची शोभा करू नये."

"येते. तुम्ही मला न्यायला या. फक्त या गोलांवर पाय ठेवत या."

"हे काय आता?"

"बाईंची पावलं आहेत. काल त्या बादली घेऊन अशा चालल्या. उद्या वर येतील तेव्हाही अशाच चालतील. तुम्ही त्यांच्या निम्मे आहात, काका. तुम्हाला तर काहीच व्हायचं नाही."

खालून दादा म्हणाला, "अरे ठेव गोलात पाय आणि आण तिला. एवढा काय विचार करतोस?"

काका छपरावर उभे राहिले, अर्थात फासळीवरच. पहिला गोल त्यांच्यासमोर दोन फासळ्यांच्या मधे होता. त्यांनी उजवा पाय उचलला, गोलावर नेला आणि तळवा टेकायच्या आधी पाय आपोआप पुढच्या फासळीकडे सरकला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा नेला. या वेळी नजर खाली ठेवून, मुद्दाम, पोहायला न येणारा माणूस पाण्यात पाय घालतो तसा. चवडा टेकला, थोडं वजन आलं. रबर बशीसारखं आत गेलं. आत कुठेतरी फोमपासून काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज झाला, कागद सोलावा तसा.

काकांनी पाय उचलला आणि फासळीवर जोडून ठेवला. मग सावकाश खाली बसले, गोलावर हाताचा पंजा ठेवून त्यांनी दाबून पाहिलं. 

"काय झालं रे?" दादाने विचारलं.

"मी नाही चालत, मालक."

"काल चाललास की."

"काल माझ्या वाटेने चाललो. ही बाईंची वाट आहे." त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. "या वाटेने मला जायला सांगशील तर मी नाही म्हणतो. आणि मी नाही म्हणतो तिथे त्यांना कसा पाठवशील?"

 दादाने घराच्या भिंतीवर हात टेकला होता. मला वरून त्याचा विरळ झालेला भांग दिसत होता. मी तो पहिल्यांदाच असा वरून पाहत होते.

ड्रायव्हरबाई पुढे आल्या. "हे तुम्हाला कालच माहीत होतं?" त्यांनी दादाला विचारलं.

"होतं," तो म्हणाला. खोटं बोलायची संधी होती, त्याने ती घेतली नाही.

"आणि तुला?" त्यांनी वर पाहिलं.

"मलाही. म्हणून वर आलेय."

"शाबास. आणि मी आज झोपू कुठे? तुझ्या त्या फळीवर? माझ्या जागेची किल्ली मी सकाळी देऊन आलेय, बाई. तुमची बहीणभावाची कुस्ती होते आणि कुंड्या माझ्या उन्हात."

 छपराला किती भार सोसेल ते मी मोजलं होतं. त्यांची ती रात्र माझ्या कुठल्याच मोजमापात नव्हती.

"पुढच्या शेडमध्ये बाबांच्या काळातलं एक घर आहे," मी म्हणाले. "जुनं आहे, रंग उडालाय. छप्पर पक्कं आहे."

"मी दुसऱ्याच्या घरात राहणार नाही. हे माझं आहे." त्यांनी हलकीचं दार उघडलं, उशा आत फेकल्या, मग सतरंजी. "छप्पर उतरवा, चढवा, काय करायचं ते करा. मी आत राहून बघणार. फासळी अन् फासळी मोजून घेईन."

"बाई, कारखान्यात राहता येत नाही," दादा म्हणाला. "नियम आहे."

"मग उतरवून दाखवा. उतरवण्याचं काम किती कठीण असतं ते मला विचारा."

रंगखात्यातली माणसं आता उघडच हसत होती. दादाच्या चेहऱ्यावर राग होता, पण कालच्यासारखा नव्हता. त्याने खिशातून पेन्सिल काढली, घराच्या पांढऱ्या भिंतीवर काही आकडे मांडले, खोडले.

"फासळ्या दुप्पट केल्या आणि जाड प्लाय घातला तर वजन वाढणार," तो म्हणाला. वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं होतं, पण बोलत होता माझ्याशी. "त्यांची ती गाडी हे घर चढावर ओढणार नाही. हे पण तुझ्या ठोकळ्याला विचार."

"ओढेल," मी म्हणाले. "मोजलंय. मर्यादेच्या आत आहे, काठावर. वेग मिळणार नाही."

"लोकांना वेग हवा असतो."

"लोकांचं लोकांना विचार, मला यांना विचारू दे," मांजरकाका वरूनच म्हणाले. त्यांनी छपराच्या कडेला बसून पाय खाली सोडले होते. "काय हो बाई, चढावर सगळे तुम्हाला मागे टाकून जातील. चालेल?"

ड्रायव्हरबाई दारातून बाहेर आल्या. एका हातात कुंडी होती, ती कुठे ठेवावी ते त्या बघत होत्या.

"जाऊ देत की," त्या म्हणाल्या. "घाई असती तर मागे घर कशाला बांधून घेतलं असतं?"

दादाने पेन्सिल कानामागे खोचली आणि जीपवाल्याला हाताने परत जायची खूण केली. मग छपरावरची रबरी चादर कापायची सुरी आणायला तो स्वतः आत गेला.